पाच नावं आणि एक

“आवं, जरा हळू बोला की. मागं बाई बसल्यात.”

इंदापूरच्या एसटीत मागच्या सीटवर बसलेल्या कौसल्याबाईंनी लगेच खिडकीबाहेर तोंड केलं, पण कान काही वळेनात. पुढं नवंच लग्न झालेलं जोडपं होतं.

“बसू देत. काल माझा फोन तीनदा कट केलास, उत्कर्षा.”

“अडीचला त्यांचा नवा अल्बम येणार हुता. तुमाला सांगितलं हुतं.”

“कोरियातल्या गाणाऱ्या पोरांपायी नवऱ्याचा फोन कट?”

“पोरं काय म्हणता! नावं हायेत त्यांना.” आणि तिनं पाचही नावं एका दमात घेतली.

“बघ! माझं एक तरी येतं का तोंडात? लगनात उखाण्यात घेतलंस, ते बी कागदावर बघून.”

“आत्याबाई म्हणत्यात, नवऱ्याचं नाव घिऊ ने.”

“हितं आत्याबाई हायेत का?”

भवानीनगर आलं, तसे उत्कर्षानं इयरफोन कानात घातले आणि गाणं लावलं. कौसल्याबाईंनाच अवघडल्यासारखं झालं.

मग तिनं आपल्या कानातला एक इयरफोन काढून त्याच्यापुढं धरला.

“ऐका की... युवराज.”