आईचा धवला आणि ब्राउझरमधला रिमोट

खाल्ल्या मिठाची शपथ, हे घडलं तसंच सांगतोय. बरं, जरा वाढवून सांगतोय.

आमची आई गावातल्या लग्नांत धवल्याची, म्हणजे लग्नविधीची, गाणी गायची. ती गेल्यावर तिचा आवाज उरला तो धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत, तोही तीन तासांच्या पार शेवटी. बाबांना रिमोट जमेना, म्हणून मी घरचा टीव्ही कॉम्प्युटरला जोडला आणि न्हावा शेवाच्या ऑफिसातून मोबाइलच्या ब्राउझरमधल्या एका पानावरून तो चालवू लागलो. पण त्या पानावर टीव्हीवर काय चाललंय ते दिसायचं नाही, आणि व्हिडिओ पुढे सरकवला की तो पहिल्यापासून सुरू व्हायचा.

मी फोनवर विचारलं, “बाबा, आई आली?”

“न्हाय रं. परत सुरुवातीचा गणपती आला.”

पुन्हा सरकवला. “आता?”

“गणपतीच हाय.”

चौथ्यांदा बाबा म्हणाले, “अरं, आता याला मोदकांचा नैवेद्य तरी दाखव!” आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आता खोटं कुठलं ते सांगतो. चौथा गणपती आलाच नाही, आणि आम्ही हसलोही नाही. दुसऱ्या गणपतीलाच मी “साहेब आले” म्हणून फोन ठेवला. बाबा मात्र उठले नाहीत. तीन तास एकटेच बसून आईपर्यंत पोचले.