बारा वर्षांचं प्रस्थान

सन्माननीय अध्यक्ष नारायणराव साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, टपाल खात्यातले समस्त अण्णा-अक्का, विद्यानगर भजनी मंडळाच्या माझ्या मैत्रिणी, आणि हार घालून बसलेले, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, सर्वांना नमस्कार.

आधी पोच देते. शाल एक, अंदाजे एकशे ऐंशी. श्रीफळ एक, सहा रुपये. हलवून पाहिलं, पाणी आहे. भिंतीवरचं घड्याळ, दोनशे पंचवीस. आणि चाकांची प्रवासी बॅग, सहाशे चाळीस. किमतीची चिठ्ठी काढायची राहिली म्हणून कळलं. यांना, यशवंतरावांना, प्रवासाची बॅग! ज्यांना हे सुचलं त्यांना माझा वेगळा नमस्कार.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल. मी मॅट्रिकला भूगोलात पहिली आले, पण समुद्र पाहिलेला नाही. कारवार इथून एका सकाळच्या अंतरावर. मंडळाची सहल निघाली तेव्हा हे म्हणाले, "असा फुटकळ समुद्र कशाला बघतेस? अंदमानला घाऊक बघू." हे झालं एक्क्याण्णव साली.

मग काळवेळ. पावसाळ्यात बोट हलते. चातुर्मासात माझे नेम. त्यातच पितृपक्ष, मग धनुर्मास, मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा. मुलांची लग्नं झाली, तरी परीक्षांचे दिवस यांनी सोडले नाहीत.

खर्चाचं काय सांगू? काटकसर मीही करते, देवापुढची वातसुद्धा मोजून लावते. पण नारळाच्या बेटावर जाताना तिथं महाग असतील म्हणून घरून नारळ न्यायचे, हे मला नसतं सुचलं.

भाडं वाढलं तसे दिवस आटले. चौदाचे दहा, दहाचे पाच. मी म्हटलं, "अहो, बोटीला जायला तीन दिवस, यायला तीन. पाचांत बेट कुठं बसवता?"

"तुझं फार बारीक लक्ष," हे म्हणाले.

आता मुद्द्याचं. त्या पहिल्या वर्षी मुहूर्त चांगला होता, पण रजा आठवड्यानं मिळणार होती. अशा वेळी आपण प्रस्थान ठेवतो. प्रवासाला जाणाऱ्यानं आपलं एखादं वस्त्र, सुपारी, हळद, तांदूळ गाठोड्यात बांधून मुहूर्तावर शेजारी ठेवायचं, म्हणजे तो निघाला असं धरतात. माझा खण, यांचं उपरणं असं बांधायचं ठरलं. गाठ यांनी मारली, गाठोडं शेजारच्या राधाक्काकडे गेलं. रजा काही मिळाली नाही. प्रस्थान फार तर पाच-सात दिवस चालतं. आमचं एक तप चाललं. दर दिवाळीला कपाट आवरताना राधाक्का कुंपणावरून ओरडायची, "अक्का, निम्म गंटु इल्ले ऐतल्ल री! तुमचं गाठोडं इथंच आहे, न्यायचं का नाही?"

ठेवलेलं प्रस्थान मोडू नये, या भीतीनं मी आणलं नाही. परवा आणलं. सोडलं. सुपारी पोखरलेली, तांदळाचं पीठ झालेलं, माझा खण मात्र होता. उपरणं नव्हतं.

"अहो, तुमचं उपरणं?"

"नवं होतं गं. राधाक्काकडेच राहून गेलं असतं तर?"

सभाजनहो, आता हिशेब बघा. म्हणजे शास्त्रानं पाहिलं तर बारा वर्षांपूर्वी निघाले होते मी एकटी! हे निघालेच नव्हते. मग वाट कुणाची बघत होते मी?

काल मी आपल्या गावातल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एजंटाकडे जाऊन बोटीचं तिकीट काढलं. माघ शुद्ध दशमी, अकरा दिवस. पैसे? त्याच वर्षापासून यांच्याच खिडकीवर मी दरमहा आर. डी. भरत आले. शिक्का दर वेळी यांनीच मारला. कशासाठी, असं एकदाही विचारलं नाही. नियमानं काम करतात, हा गुण मान्यच केला पाहिजे.

आपण यांचं एवढं कौतुक केलंत, मलाही बोलू दिलंत, आभारी आहे. अधिक-उणं बोलले असेन तर घरची बाई म्हणून पदरात घ्या.

शेवटची विनंती सत्कारमूर्तींना. बोटीवर माझ्या शेजारची जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली आहे. नाहीतर राधाक्का तयार आहे, तिनं आपलं गाठोडं बांधलंसुद्धा. तोंडी उत्तर नको. "बघू" हा शब्द मी पुष्कळ ऐकला. हे पोस्टकार्ड घ्या, पत्ता मीच घातला आहे. यायचं असेल तर ते नवं उपरणं राधाक्काकडे नेऊन ठेवा, आणि घर एकच असलं तरी उलट टपाली कळवा.