गुत्त्यातला फोन

बदलापूरहून चामटोलीकडे निघालेल्या शेअर रिक्षात यशोधरा कडेला चेपून बसली होती. शेजारच्या दोघांकडे आपलं मुळीच लक्ष नाही, असा चेहरा तिने केला होता आणि कान मात्र तिकडेच लावले होते.

"सुकऱ्या, आपल्या दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपचा नियम काय? तल्लफ आली की?"

"पहिल्या घोटाच्या आधी तुम्हाला फोन, शंकरराव."

"मग परवा फोन कुठून केलास? मागे ग्लास वाजत होते."

"गुत्त्यातून."

"गुत्त्यातून!"

"मंग? पाड्यात नाणं टाकायचा फोन एकच हाय. तो तिथंच, काउंटरवर."

"अरे, म्हणजे प्यावीशी वाटली की तू गुत्त्यात जातोस?"

"तुम्हीच सांगितलं ना, उशीर नको, पळत जा. मी पळतच जातो."

"आणि गुत्तेवाला?"

"हेमंत? लई चांगला. मना बघितला का ग्लास नाय, फोनच पुढं सरकवतो. तुमचा नंबर त्याला पाठ हाय."

"कमाल आहे!"

"तुम्ही फोनवर केवढ्यानं बोलता! त्याला सगळं ऐकू येतं. काल म्हणाला, मना पण सोडायचीय, मिटिंगला येऊ का?"

"अरे वा! मग घेऊन ये की त्याला!"

यशोधराचा स्टॉप मागे गेला. तिने रिक्षावाल्याला हाक मारली नाही.

"मी नको म्हटला."

"का रे बाबा?"

"तो सुधरला तर गुत्ता बंद करंल. मंग मना तल्लफ आली तर तुम्हाला फोन कुठून करू?"