कुठली वाट?

आमच्या शिरगावच्या भास्करकाकाइतका शहाणा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या घराकडे येणाऱ्या वाटेवर त्याने कुंपण ठोकलं. कडेच्या फटीतून मासळीची पाटी जाईना, म्हणून आई वर्षभर खाजणाच्या चिखलातून फिरून जायची. मी पालघरच्या कोर्टात गेलो, तर काकाने शपथेवर सांगितलं, तिथे वाट कधी नव्हतीच.

कोर्टाने पाहणीसाठी कमिशनर पाठवला. काका त्याला ऐटीत म्हणाला, "सायेब, मी काय राक्षस नाय. माणूस जाईल एवढी वाट सोडली हाय."

कमिशनरने लिहिता लिहिता विचारलं, "कुठली वाट?"

काकाने वकिलाकडे पाहिलं. वकील मोबाइल बघत होता.

कोर्टाने कुंपण काढायला लावलं. काका अजून गावभर सांगतो, "वकीलच कच्चा निघाला."