पत्र्यावरचा माटव

आचऱ्याच्या नाक्यावर विश्राम मालवणच्या गाडीची वाट पाहत होता. चैत्रात त्याने हौसेने घरावर पत्रे घातले, आणि तेव्हापासून त्याची म्हातारी आई दुपारभर फणसाखाली बसून राहायची. दुकानदार पत्रे परत घेतो का, ते विचारायला तो निघाला होता. मागे मासे विकून आलेल्या दोघी बोलत होत्या.

“गो सत्यवती, सून इली काय गो माहेरसून?”

“इली गो बाये, परवाच इली.”

“म्हणजे पत्रे काढलंस?”

“काढतंय कित्याक? झिलान हौसेन घातल्यान ते.”

“मगे इली कशी? ‘माझ्या पोराक ह्या तव्याखाली निजवूचंय नाय,’ म्हणान गेलली ना?”

“पत्र्यावर माडाची चुडतां विणून घातलंय. दोन थर.”

“म्हणान लोक इचारतत, सत्यवतीन घराच्या डोक्यार माटव घातल्यान, लगीन कोणाचा?”

“पत्र्याचा! न्हवरो तापट, म्हणान व्हकल थंड बघून दिलंय.”

“आणि नातू?”

“काल दुपारी निजलो, तो तिनी सांजेक उठलो. सून माझ्याकडे बघून हसली गो!”

गाडी आली. कंडक्टर ओरडला, “मालवण! चला, लवकर चढा!”

विश्राम उठला आणि मागे सत्यवतीकडे वळला.

“वयनी, माझी आवस पत्र्याखाली येणा नाय. चुडतां कोण विणून देतलो?”

“आवस दुपारची काय करता?”

“फणसाखाली बसता.”

“मगे तिच्याच हातात दी चुडतां. आपण विणलेल्याखाली ती आपसूक येतली.”