मुकादमानं आणलेला बेल्ट

ठेकेदाराच्या मुकादमावर तू हात कसा उचलला नाहीस, असं सगळे मला विचारतात. झालं ते असं.

दुष्काळाच्या त्या वर्षी रस्ता रुंद करायला कडुलिंब तोडत होते. माझा धाकटा भाऊ दत्ता झाडावर चढून फांद्या कापायचा. अंगानं आडदांड. ठेकेदाराचा सेफ्टी बेल्ट त्याच्या कमरेला लागतच नसे. त्यानं दोनदा मोठा मागितला. "पोट कमी कर, आपोआप बसंल," असं मुकादमाकडून उत्तर मिळालं. मग तो साधा दोर बांधून चढायचा. एक दिवस दोर सुटला आणि दत्ता गेला.

दहाव्याला टँकरच्या पाण्यानं आंघोळी उरकून बसलो होतो, तेव्हा मुकादम आला. हातात कोरा बेल्ट आणि एक कागद.

"भाऊ, बेल्ट दिला व्हता, त्यानंच घातला नाय, एवढ्यावर सही करा. साहेब तपासणीला येणारेत."

"हा त्याला बसला असता?"

"व्हय तर. लई मोठा हाय."

दत्ताचे शर्ट मला बरोबर व्हायचे. मी उभा राहिलो, बेल्ट कमरेला लावला आणि म्हणालो, "ओढा."

त्यानं गुडघा टेकून ओढला. तरी दोन टोकांत वीतभर अंतर राहिलं.

"जरा श्वास आत घ्या, भाऊ."

"दत्तानं दिवसभर आत घेऊन ठेवायचा होता का?"

मी त्याच्याकडून कागद घेतला. त्यावर लिहिलं, 'बेल्ट बसत नाही.' खाली सही केली. आता तो कागद त्याला नको होता. तपासणीच्या साहेबांना मीच नेऊन दिला.