बटण फुकट

वीजबिलाच्या रांगेत शिंपी उभा होता. त्याच्या पुढे दोघी जावा बोलत होत्या. बोलणं बिलावरून निघालं आणि त्याच्याच धंद्यावर आलं, तसे त्याने कान टवकारले.

“ताई, तुमचा लेक फोनवरून बिल भरतो ना? मग इथे कशाला ताटकळायचं?”

“भरतो ना! पण अगदी शेवटी, पैसे जाता जाता, वर पंधरा रुपये हळूच कापतात. म्हणे सोयीचे! आधी तोंडातून ब्र काढत नाहीत.”

“त्याला बोलला नाहीत?”

“बोलले. म्हणाला, ‘आई, पंधरा रुपयांनी काय होतंय?’ म्हटलं, बरं बाबा. आज ऑफिसच्या घाईत त्याच्या शर्टाचं बटण निघालं. लावून दिलं मी. फुकट.”

“आईच शेवटी!”

“बटण फुकट गं. शर्ट हातात द्यायचे पंधरा घेतले.”

“अगबाई! आणि दिले त्याने?”

“न देऊन सांगतो कुणाला? बनियनवर जाणार होता का ऑफिसला?”

शिंप्याला ठसकाच लागला. तेवढ्यात खिडकीतला कारकून म्हणाला, “मावशी, रोख भरलंत तर दहा रुपये जास्त पडतील.”

“हे कधीपासून?”

“आजपासूनच.”

थोरलीने शांतपणे पर्स उघडली.

“घ्या. त्याच्या शर्टाला अजून सहा बटणं आहेत.”